गाठ, विषाणू आणि प्रतिकारशक्ती : कोटीच्या हिशेबातले पहिले मॉडेल

हरभऱ्यावर किंवा तुरीवर घाटे अळी आली की विदर्भातले बरेच शेतकरी एच.ए.एन.पी.व्ही. फवारतात. हे औषध म्हणजे अळीला मारणारा विषाणूच. अळी तो पानासोबत खाते आणि आतून सडते. मरताना शेंड्यावर उलटी लटकते, फुटते, आणि तिच्यातून निघालेला विषाणू पुढच्या अळीला लागतो. फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हातले अतिनील किरण विषाणू मारतात. या औषधाची मात्रा एल.ई. मध्ये, म्हणजे अळीच्या हिशेबात मोजतात. १ एल.ई. म्हणजे ६०० कोटी विषाणू-पुटके, साधारण एका अळीतून मिळतील तेवढी.

कर्करोगाच्या गाठीत विषाणू सोडण्याच्या उपचाराचे गणित याच साच्यावर चालते. निरोगी अळीच्या जागी गाठीतली अबाधित पेशी आणि लटकलेल्या अळीच्या जागी बाधित पेशी ठेवा, उन्हाच्या जागी शरीरातली झीज. हे लक्षात आले की पहिली तीन समीकरणे पाठ करावी लागत नाहीत. फरक पडतो तो चौथ्या समीकरणापासून. गाठ ज्या शरीरात आहे त्याला प्रतिकारशक्ती आहे, आणि ती एका हाताने विषाणू मारते तर दुसऱ्या हाताने गाठ. यातला कोणता हात आधी आणि किती जोराने चालतो, हे पाहण्यासाठी मॉडेल बनवायचे.

हा लेख तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या, प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावीचे डेरिव्हेटिव्ह आणि लिबरऑफिस कॅल्क एवढ्यावर सुरुवात होते. कॅल्क मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. प्रयोगशाळा, उंदीर किंवा विषाणू यांपैकी काहीच हाताळायचे नाही.

उपचाराची थोडी ओळख

१९७१ साली युगांडातल्या एका लहान मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याला बर्किट लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) होता, आणि गोवर निघाल्यावर गाठ ओसरली. पुढे मुद्दाम बदल केलेले विषाणू आले. २००५ मध्ये चीनने डोके-मानेच्या कर्करोगासाठी एच-१०१ हा अ‍ॅडेनोविषाणू मंजूर केला. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये मेलॅनोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) टी-व्हेक आले आणि जपानने २०२१ मध्ये मेंदूच्या ग्लायोमासाठी डेलिटॅक्टला सशर्त मंजुरी दिली.

टी-व्हेक नीट समजून घ्या, कारण त्यातला प्रत्येक बदल तुमच्या मॉडेलमधल्या एकेका आकड्याला जाऊन भिडतो. हा मूळचा ओठांवर पुरळ आणणारा हर्पिस-१ विषाणू. त्यातले आयसीपी-३४.५ हे जनुक काढल्यामुळे तो निरोगी पेशीत नीट वाढत नाही. आयसीपी-४७ काढल्यामुळे बाधित पेशीची ओळख प्रतिकारशक्तीपासून लपत नाही. वरून जीएम-सीएसएफ हे जनुक घातले आहे, ते डेंड्रिटिक पेशींना, म्हणजे गाठीचे तुकडे उचलून प्रतिकारशक्तीला दाखवणाऱ्या पेशींना, बोलावते. म्हणजे तीनपैकी दोन बदल प्रतिकारशक्तीला जागे करण्यासाठीच आहेत. ४३६ रुग्णांच्या चाचणीत टिकाऊ प्रतिसाद १६.३ टक्के रुग्णांत दिसला, तर नुसते जीएम-सीएसएफ दिलेल्यांत २.१ टक्के. फरक खरा आहे, पण १६ टक्के म्हणजे बहुतेकांना तो मिळाला नाही. का मिळाला नाही, या प्रश्नापाशी गणिताचे काम सुरू होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. आपल्याकडे खर्ऱ्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाने अनेक घरे पोळली आहेत, म्हणून हा विषय वाचताना आशा वाटणे साहजिक आहे. पण इथे बनणारे मॉडेल शिकण्यासाठी आहे. त्यावरून कोणत्याही रुग्णाला सल्ला देऊ नका. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच दवाखान्यात तपासणी करून घ्यायला सांगा.

पायरी पहिली : एकक ठरवा

नवशिक्यांचे निम्मे घोटाळे शून्ये मोजण्यात होतात. गाठीतल्या पेशी अब्जांत असतात आणि संसर्गदर अब्जांशात, त्यामुळे एक शून्य इकडचे तिकडे झाले की सगळे बिघडते. आपल्या भाषेत यावर सोपा उपाय आहे. सगळे कोटीत मोजा, पेशीही आणि विषाणूही. वेळ दिवसांत.

रूढ हिशेबाने १ घन मिलिमीटर गाठीत १० लाख पेशी धरतात. म्हणजे ५०० घन मिलिमीटरची गाठ ५० कोटींची. काही संशोधक याचा दहावा भाग धरतात, कारण गाठीत रक्तवाहिन्या, तंतू आणि मृत भागही असतो. काहीही धरा, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

विषाणूचे एकक जास्त फसवे आहे. पीएफयू म्हणजे प्रत्यक्ष संसर्ग करू शकणारे कण, आणि व्हीपी म्हणजे एकूण कण, ज्यात निकामीही मोजले जातात. अ‍ॅडेनोविषाणूची मात्रा बहुधा व्हीपीत देतात आणि हर्पिसची पीएफयूत. दोन शोधनिबंधांतून दोन वेगळ्या एककांचे आकडे उचलून एकाच समीकरणात घातले, तर उत्तर दहापट-शंभरपट चुकेल आणि आलेखाकडे पाहून ते कळणारही नाही.

पायरी दुसरी : प्रतिकारशक्ती नसलेली तीन समीकरणे

ग म्हणजे अबाधित पेशी, ब म्हणजे बाधित पेशी, व म्हणजे मोकळे विषाणू.

ग चा रोजचा बदल = र × ग × (१ − (ग + ब)/क) − स × ग × व

ब चा रोजचा बदल = स × ग × व − फ × ब

व चा रोजचा बदल = प × फ × ब − न × व − स × ग × व

सरावासाठी हे आकडे घ्या. वाढदर र = ०.१ (गाठ लहान असताना सुमारे ७ दिवसांत दुप्पट), कमाल आकार क = १००, संसर्गदर स = ०.०१, पेशी फुटण्याचा दर फ = १, एका पेशीतून निघणारी पिलावळ प = ५०, विषाणूचा नाशदर न = ४. हे कोणत्याही एका विषाणूचे मोजलेले आकडे नाहीत. हिशेब हाताने पडताळता यावा म्हणून सोपे घेतले आहेत.

कॅल्कमध्ये एका पानावर हे सहा आकडे आणि त्यांची नावे लिहा. दुसऱ्या पानावर चार रकाने करा : दिवस, ग, ब, व. पहिल्या ओळीत ०, ५०, ०, १०. म्हणजे ५० कोटी पेशींच्या गाठीत १० कोटी विषाणू सोडले. पुढची प्रत्येक ओळ म्हणजे आधीची ओळ अधिक (रोजचा बदल × ०.०१). आकड्यांच्या चौकटींचा संदर्भ देताना डॉलरचे चिन्ह लावून तो पक्का करा. नाहीतर सूत्र खाली ओढताना संदर्भही खाली घसरतो आणि तुम्ही रिकाम्या चौकटीने गुणत बसता. आकडे टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा.

दुसऱ्या ओळीत ग = ४९.९७५, ब = ०.०५, व = ९.५५ आले पाहिजेत. तिसऱ्या ओळीत ग = ४९.९५२२, ब = ०.०९७२, व = ९.१४५३. हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. जुळले की ६० दिवसांसाठी ६००० ओळी खाली ओढा.

०.०१ दिवसाचे पाऊल का, तर इथे सर्वांत चपळ गोष्ट विषाणू आहे. सुरुवातीला तो न + स × ग = ४.५ या दराने घटतो. पाऊल ०.२५ दिवसाचे घेतले तर पहिल्याच ओळीत १० कोटींतून ११.२५ कोटी वजा होतात आणि व उणे १.२५ येतो. उणे विषाणू उणे संसर्ग करतात, त्यामुळे गाठ विषाणूमुळे वाढू लागते. असे दिसले की नवशिके समीकरणात चूक शोधत बसतात, आणि दोष असतो पावलाचा. पाऊल निम्मे करून पुन्हा चालवा. शेवटचा ग १ टक्क्याहून जास्त बदलला तर पाऊल अजून मोठे आहे.

आता एक आकडा हाताने काढा. एका बाधित पेशीमागे नव्या बाधित पेशी किती?

प्रसारांक = प × (स × ग) / (न + स × ग)

ग = ५० असताना ५० × ०.५ / ४.५ = ५.५६. ग = १० असताना ५० × ०.१ / ४.१ = १.२२. आणि ग = ८.१६ ला बरोबर १. म्हणजे गाठ ८ कोटींच्या खाली गेली की विषाणू पसरण्याऐवजी विझू लागतो. वावरात अळ्या विरळ झाल्या की रोगही थांबतो, तसेच हे. ‘विषाणू गाठ खाऊन संपवेल’ असे जे वाटते ते या साध्या मॉडेलमध्येसुद्धा घडत नाही. शेवटचा हिस्सा दुसऱ्या कुणालातरी मारावा लागतो.

अर्ध्या पेशीचा सापळा

वरचे मॉडेल ६० ऐवजी १५० दिवस चालवा. विषाणू गाठ झपाट्याने खाली आणतो, मग स्वतः विझतो, गाठ हळूहळू पुन्हा वाढते, आणि एके दिवशी विषाणूची दुसरी लाट उसळते. पाहायला सुंदर. पण मधल्या दिवसांत ब चा रकाना बघा. कोटीत ०.००००००१ म्हणजे १ पेशी. आकडा त्याच्याही कितीतरी खाली गेलेला असतो. दुसरी लाट पेशीच्या एका तुकड्यातून उगवलेली असते, आणि असा तुकडा शरीरात नसतो.

हा जुना सापळा आहे. इंग्लंडमधल्या कोल्ह्यांच्या रेबीजच्या मॉडेलमध्येही कोल्ह्याच्या अत्यल्प अंशातून साथीची दुसरी लाट आली होती. उपाय सोपा. ब आणि व दोन्ही एका पेशीच्या, एका कणाच्या खाली गेले की ‘जर’ (IF) सूत्राने त्यांना शून्य करा. मग खरे चित्र दिसते : विषाणू गेला, गाठ परतली. फक्त या एका बदलाने मॉडेलचा निष्कर्ष उलटतो, म्हणून प्रकल्प अहवालात तो ठळक लिहा.

पायरी तिसरी : जन्मजात प्रतिकार

संसर्ग झाल्यावर काही तासांतच इंटरफेरॉन हे शेजारच्या पेशींना सावध करणारे प्रथिन सुटते. नंतर एन.के. पेशी (मारेकरी पेशी) आणि मॅक्रोफेज (गिळणाऱ्या पेशी) येतात. बाधित पेशीला ते फुटण्याआधीच मारतात आणि मोकळे विषाणू गिळतात. या सगळ्यांना मिळून एकच चल द्या, ज, आणि तो ० ते १ च्या मापात ठेवा. प्रत्येक पेशीप्रकाराला वेगळे समीकरण देण्याचा मोह पहिल्या प्रकल्पात टाळा. १२ समीकरणे आणि ४० पॅरामीटर झाले की कोणताही आलेख काढता येतो, आणि मग त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

ज चा रोजचा बदल = ब/(ब + १) − ज

ब च्या समीकरणात − २ × ज × ब जोडा, व च्या समीकरणात − ६ × ज × व. ज च्या समीकरणात ब + १ मधला १ म्हणजे १ कोटी. तेवढ्या पेशी बाधित झाल्या की प्रतिकार अर्ध्या जोरावर येतो.

आता प्रसारांक पुन्हा काढा. बाधित पेशी फुटायला पोहोचण्याची शक्यता १/(१ + २ज) झाली आणि विषाणूचा नाश ४ + ६ज. ज = १ आणि ग = ५० ठेवले तर ५० × (१/३) × (०.५/१०.५) = ०.७९. म्हणजे ५.५६ वरून थेट १ च्या खाली. विषाणू तोच आणि गाठही तीच, पण प्रतिकार पूर्ण जोरात असेल तर प्रसार थांबतो.

शरीरात ज सतत १ राहत नाही. बाधित पेशी कमी झाल्या की तोही उतरतो. चारही दर शून्य धरून समतोल काढला तर या आकड्यांनी अबाधित गाठ सुमारे २९ कोटींवर येते. जन्मजात प्रतिकार नसताना ती ८.१६ कोटींवर होती. विषाणूला वेसण घालण्याची ही किंमत.

हे पाहिले की पहिला विचार येतो : हा प्रतिकार औषधाने दाबून टाकू. विचार चुकीचा नाही. ग्लायोमावरच्या २००६ च्या कामात सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन जन्मजात प्रतिकार दाबला, तेव्हा विषाणू जास्त पसरला. उंदरांवरचे प्रयोगही झाले आणि त्याच वर्षी त्याचे गणिती मॉडेलही आले. पण दाबण्याच्या औषधाला कोणता हात बांधायचा हे कळत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी चौथी : टी-पेशी आणि उशीर

फुटलेल्या पेशींचे तुकडे डेंड्रिटिक पेशी लसिकाग्रंथीत नेतात, तिथे त्या तुकड्यांना ओळखणाऱ्या टी-पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते आणि मग त्या गाठीकडे परततात. याला दिवस लागतात. आपण ५ दिवस धरू. ट म्हणजे गाठीत पोहोचलेल्या टी-पेशींचा जोर.

ट चा रोजचा बदल = ०.२ × ब′/(ब′ + १) − ०.१ × ट

इथे ब′ म्हणजे ५ दिवसांपूर्वीचा ब. ग च्या समीकरणात − ०.१ × ट × ग आणि ब च्या समीकरणात − ०.५ × ट × ब जोडा.

कॅल्कमध्ये उशीर घालणे फारच सोपे आहे : ०.०१ चे पाऊल म्हणजे ५ दिवस म्हणजे ५०० ओळी वरची चौकट. पहिल्या ५०० ओळींत ब′ शून्य लिहा. पण पाऊल ०.००५ केले की त्याच ५०० ओळी अडीच दिवसांच्या होतात. पाऊल निम्मे केल्यावर उत्तर खूप बदलले तर आधी हे तपासा. बहुतेक वेळा चूक इथेच निघते.

आता या लेखातला सर्वांत कामाचा हिशेब. गाठ २९ कोटींवर असताना तिची वाढ रोज सुमारे ०.०७ या दराने होते. टी-पेशी ०.१ × ट या दराने मारतात. म्हणजे फक्त टी-पेशींच्या जोरावर गाठ आटायची तर ट किमान ०.७ हवा. बाधित पेशी १ कोटींवर टिकून राहिल्या तर ट शेवटी १ कडे जातो आणि ०.७ गाठायला त्याला १२ दिवस लागतात. त्यात उशिराचे ५ मिळवले की १७ वा दिवस. पण जन्मजात प्रतिकाराने बाधित पेशी लवकर साफ करून २० लाखांवर आणल्या, तर ट कधीही ०.३३ च्या वर जात नाही. ०.७ साठी बाधित पेशी किमान ५४ लाख टिकायला हव्यात.

म्हणजे विषाणूने गाठ स्वतः मारायला हवी असे नाही. टी-पेशी तयार होईपर्यंत त्याने तग धरला पाहिजे. जन्मजात प्रतिकार या तग धरण्याच्या आड येतो. उलट तो पूर्ण दाबला, आणि त्याच औषधाने टी-पेशींची वाढही निम्मी झाली (०.२ चे ०.१), तर ट ची कमाल मर्यादा २ वरून १ होते. दोन्ही बदल एकत्र करून चालवून पाहा. म्हातारा बैल आणि गोऱ्हा एकाच जुवाला जुंपल्यावर चाल दोघांच्या मेळावर ठरते. इथेही एकट्या ज चा किंवा एकट्या ट चा अभ्यास करून काही हाती लागत नाही.

या समीकरणात एक उणीव आहे आणि ती माहीत असू द्या. इथे टी-पेशींना जागवणारा संकेत फक्त बाधित पेशींतून येतो. विषाणू संपला की ट दर ७ दिवसांनी निम्मा होतो आणि गाठ परतते. प्रत्यक्षात टी-पेशींनी मारलेल्या अबाधित पेशींचे तुकडेही नवा संकेत देतात. तो घालायचा तर ब′ च्या जागी ब′ + ०.१ × (ट × ग)′ घ्या, कंसाबाहेरचे ′ हे चिन्ह म्हणजे पुन्हा ५ दिवसांपूर्वीचे. हा ०.१ तुमचा अंदाज आहे, तो ० पासून १ पर्यंत बदलून पाहा. जीएम-सीएसएफचा परिणाम दाखवायचा असेल तर ०.२ वाढवा. आयसीपी-४७ काढल्याचा परिणामही तिथेच आणि ब वरच्या ०.५ मध्ये येतो.

मात्रेचे वेळापत्रक

टी-व्हेक गाठीत टोचतात. पहिली मात्रा प्रति मिलिलिटर १० लाख पीएफयू, ३ आठवड्यांनी दुसरी प्रति मिलिलिटर १० कोटी, नंतर दर २ आठवड्यांनी तेवढीच, एका वेळी एकूण कमाल ४ मिलिलिटर. कोटीच्या हिशेबात पूर्ण ४ मिलिलिटर धरले तर दिवस ० ला ०.४, दिवस २१ ला ४०, मग ३५, ४९ असे. पहिली मात्रा शंभरपट कमी का? ज्यांना हा विषाणू आधी कधी झाला नाही, त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ द्यायची आणि मगच मोठी मात्रा सुरक्षितपणे द्यायची.

कॅल्कमध्ये ‘मात्रा’ असा वेगळा रकाना ठेवा आणि व मध्ये तो मिळवा. व च्या सूत्रात मध्येच हाताने आकडा घुसवू नका, पुढे सापडत नाही. टोचलेले सगळे विषाणू पेशींपर्यंत पोहोचत नाहीत, काही गळतात. म्हणून मात्रेला ०.१ ते १ मधला एक गुणक लावा.

प्रतिपिंडे घालायची तर न वाढवा. गोवराचा विषाणू वापरलेल्या मॉडेलमध्ये हे विसरून चालणार नाही, कारण आपल्याकडे अंगणवाडीतल्या लसीकरणातच बाळांना ९ ते १२ महिन्यांत गोवर-रुबेलाची लस मिळते. शिरेतून दिलेल्या विषाणूला ही प्रतिपिंडे वाटेतच गाठतात. गाठीत टोचले तर फरक कमी पडतो, तरी शून्य नाही.

पायथनकडे जाताना

कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन चालवण्याची गुगलची सोय, फोनवरही चालते. साय-पाय (SciPy) या पायथनच्या संचातल्या सॉल्व्ह-आयव्हीपी (solve_ivp) या फंक्शनला एल-सोडा (LSODA) पद्धत द्या. तीन ठिकाणी माणूस अडखळतो. एक, त्यात मुळातली निरपेक्ष चूक-मर्यादा दशलक्षांश असते, कोटीच्या एककात ती १० पेशी झाली. अर्ध्या पेशीचा सापळा पकडायचा तर ती हजारपट कमी करा. दोन, मात्रेचा धक्का समीकरणात घालू नका, पाऊल आपोआप मोठे झाले तर सॉल्व्हर तो ओलांडून जातो. प्रत्येक मात्रेपाशी थांबा, व वाढवा, तिथून पुन्हा सुरू करा. तीन, या फंक्शनला उशीर कळत नाही. त्यासाठी ब आणि ट यांच्यामध्ये १ दिवसाच्या ५ पायऱ्या घाला, प्रत्येक पायरी आधीचीकडून घेते आणि पुढचीला देते. सरासरी उशीर ५ दिवसांचाच राहतो, फक्त तो सव्वादोन दिवस इकडेतिकडे पसरतो. शरीरातही तो इतका काटेकोर नसतोच.

वीज कधीही जाते, म्हणून प्रत्येक चालवलेल्या हिशेबाचे पॅरामीटर फाइलच्या नावासह वहीत लिहा.

खऱ्या आकड्यांशी जुळवणी

पबमेड सेंट्रलवर मोफत शोधनिबंध आहेत. त्यातल्या आलेखाचे चित्र वेबप्लॉटडिजिटायझरमध्ये टाकून बिंदूंचे आकडे काढता येतात. उंदराच्या गाठीचे आकारमान बहुधा कॅलिपरने मोजून लांबी × रुंदी × रुंदी ÷ २ असे काढलेले असते. रुंदीतली १० टक्के चूक आकारमानात २० टक्के होते हे विसरू नका.

जुळवणी एका दमात करू नका. आधी विषाणू न दिलेल्या उंदरांवरून फक्त र आणि क काढा आणि ते गोठवा. मग टी-पेशी नसलेल्या न्यूड उंदरांचे आकडे घेऊन संसर्ग आणि ज चे पॅरामीटर. या उंदरांत एन.के. पेशी असतात, त्यामुळे ज शून्य धरता येत नाही. शेवटी पूर्ण प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरांवरून फक्त ट चे. एक अडचण : मानवी अ‍ॅडेनोविषाणू उंदराच्या पेशींत नीट वाढत नाही. म्हणून त्या विषाणूची पिलावळ एका उंदरात मोजलेली आणि टी-पेशी दुसऱ्यात, असे मिसळताना प कमी धरावा लागतो.

गाठीचा आकार म्हणजे ग + ब. त्यावरून स, प आणि न वेगवेगळे काढताच येत नाहीत. विषाणू पेशींपेक्षा खूप चपळ असला की व जवळजवळ प × फ × ब / न एवढाच राहतो आणि समीकरणात फक्त स × प / न हा एकत्र आकडा दिसतो. पिलावळ दुप्पट आणि संसर्गदर निम्मा, आलेख तोच. संगणक तरीही तिन्हींची उत्तरे चार दशांशांपर्यंत देतो आणि विद्यार्थी ती अहवालात छापतात. न आणि प प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून उचला, जुळवणी फक्त स साठी करा. पाच-दहा वेगवेगळ्या सुरुवातीपासून जुळवून पाहा, उत्तर दरवेळी वेगळे आले तर तो पॅरामीटर त्या आकड्यांत लपलेला नाही.

आणि सरासरीवर विश्वास ठेवू नका. गाठ ठरावीक आकाराच्या वर गेली की नियमानुसार उंदराला वेदनामुक्त मरण देतात. त्यानंतर सरासरीत फक्त लहान गाठीवाले उरतात आणि रेघ खाली झुकते. उपचार चालला असे दिसते, पण झालेले एवढेच की मोठ्या गाठी मोजणीतून गेल्या. प्रत्येक उंदराची रेघ वेगळी मिळाली तरच ती जुळवा. जुळवताना लॉगरिदम घ्या, नाहीतर शेवटचे दोन मोठे बिंदू सगळी जुळवणी ओढून नेतात.

मॉडेलने मानलेली एक गोष्ट खटकलीच पाहिजे : प्रत्येक विषाणू प्रत्येक पेशीला भेटू शकतो. गाठीत सुईने टोचणे म्हणजे वावरभर फवारा मारणे नव्हे, सगळा पंप तुरीच्या एका झाडाच्या बुडाशी ओतणे. संसर्ग त्या ठिपक्याच्या कडेने पसरतो. झटपट सुधारणा म्हणून स × ग × व ऐवजी स × व × ग/(ग + ब) घ्या आणि स चा आकडा नव्याने बसवा. आधीचाच ०.०१ ठेवलात तर एकक बदललेले असते आणि संसर्ग जवळजवळ थांबतो.

हे सगळे चालू लागले की पहिला खरा प्रयोग करा. दुसरी मात्रा २१ ऐवजी १४ आणि मग २८ व्या दिवशी द्या. प्रत्येक वेळी दोन आकडे नोंदवा : त्या दिवशीचा ज, आणि ६० व्या दिवशीचा ग. मग ज वरचे २ आणि ६ हे दोन आकडे निम्मे करून तिन्ही वेळापत्रके पुन्हा चालवा. सहा ओळींचा तक्ता होईल, आणि कोणत्या दिवशी टोचणे बरे हे विषाणूच्या ताकदीपेक्षा ज किती उतरला आहे यावर किती अवलंबून आहे, ते त्या सहा ओळींत थेट वाचता येईल.